भाऊजींचं ‘आपोआप’शी वैर

आमचे भाऊजी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले आणि जन्मभर जिन्यानेच चढत आले. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "मी ती आतून पाहिली आहे." एवढं बोलून हत्यारांची पिशवी खांद्याला लावायचे आणि पायऱ्या चढू लागायचे. विचारणारा बिचारा बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहायचा.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्याच इमारतीत तळमजल्यावर. टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात माझा जन्म गेला. आता निवृत्त आहे. सकाळचा चहा माझ्या घरी आणि दुपारचा ताईकडे, असा दिनक्रम. मेहुणी असल्यामुळे भाऊजींची चेष्टा करायचा मला हक्क आहे आणि तो मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. पण आज लिहायला बसले ती चेष्टेसाठी नाही. आमच्या जिवाला लागलेला एक घोर संपला आहे, आणि कधी एकदा कुणाला तरी सांगते असं झालंय.

भाऊजींचं एका शब्दाशी हाडवैर आहे, तो शब्द म्हणजे ‘आपोआप’. "आपोआप म्हणजे काय, तर कुणाचंच लक्ष नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपोआप मिटणाऱ्या दारांतून त्यांनी आजवर छत्र्या सोडवल्या, पिशव्या सोडवल्या, एकदा तर एका वकिलाचा टाय सोडवला, आणि वकील अर्थातच टायला जोडलेला होता. असल्या अनुभवांनी माणूस सावध होतो हे मान्य. पण ताईने आपोआप कपडे धुणारं मशीन घेतलं तेव्हा हे त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसले आणि पाणी केव्हा सुटतं ते शेवटपर्यंत पाहत राहिले. रात्री झोपण्याआधी घरातलं एकूणएक बटण बंद करायचं हाही त्यांचाच नियम. फ्रिज तेवढा ताईने भांडून वाचवला.

अशा माणसाचा पाय मोडला तो जिन्यावर. ओल्या पायरीवरून घसरले आणि घोट्याच्या वर हाड गेलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या इमारतीत लिफ्ट नाही का?"

ताई म्हणाली, "आहे ना. हेच सांभाळतात."

डॉक्टरांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. भाऊजी छताकडे बघत पडून राहिले.

आता त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. हा जुना, डबड्यासारखा कॉम्प्युटर माझ्या भाचीचा, म्हणजे ताईच्या मुलीचा. नोकरीसाठी परगावी जाताना तिने तो पुसून लख्ख केला आणि त्यात लिनक्स घालून दिलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक निराळी पद्धत, फुकट मिळते, आणि म्हाताऱ्या यंत्रांनाही झेपते. मला वाटलं, भाऊजी त्याच्या वाटेला जाणार नाहीत. झालं भलतंच. त्यांचा त्यावर जीव जडला. "हे विचारल्याशिवाय काही करत नाही," ते कौतुकाने सांगायचे. "आणि सगळं उघडं आहे. गच्चीवरच्या मशीनरूमसारखं. दार उघडायचं, काय फिरतंय ते बघायचं." भाचीने त्यांना काळी खिडकी उघडून हुकूम टाइप करायला शिकवलं. जाड चष्मा नाकाच्या टोकावर आणून, एका बोटाने, ते एकेक अक्षर दाबायचे. एवढ्यात माझा चहा दोनदा व्हायचा.

त्या कॉम्प्युटरची गरज मात्र खरी होती, आणि ती होती आक्कासाठी.

आक्का ही भाऊजींची थोरली बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. लहानपणी कुणी तिला धड शाळेत घातलं नाही. अक्षरं ओळखीची, नाव लिहिता येतं, दुकानातल्या किमती कळतात, पण चार ओळींचं पत्र वाचायला दिलं तर कागद परत करते. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात ती खुणांची भाषाही तिला येत नाही. तिला येते ती फक्त तिची आणि भाऊजींची. दोघांनी पोरवयात स्वतःच तयार केलेली. मनगट चिमटीत धरलं की डॉक्टर. गालावर मूठ उघडली की सकाळ. आणि स्वतःचा कान ओढला की भाऊजी, कारण लहानपणी ती त्यांचा कान ओढायची. जगात ही भाषा पुरती येणारी माणसं दोनच. मला निम्मी समजते, ताईला माझ्याहून थोडी जास्त.

आक्काचं गाव लांब. ती एकटी राहते, शेजारीण बघते तिच्याकडे, आणि ती बाई म्हणजे लाखात एक. तिने आपला लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला आहे. दर रविवारी आक्का त्या मोठ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसायची, इकडे भाऊजी कॉम्प्युटरसमोर, आणि तासभर हात चालायचे. त्या तासात घरात आवाज असा नसायचाच, फक्त भाऊजींच्या बाह्यांची सळसळ आणि मध्येच त्यांचं खो खो हसणं. इतकं बोलणारे भाऊजी मी एरवी कधी पाहिले नाहीत.

आक्काचा एक डोळा पहिल्यापासूनच निकामी. चांगल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि तो भराभर वाढत गेला. मोतीबिंदूचं एवढं काय, हल्ली उठसूट होतात ऑपरेशनं. पण आक्काच्या एकुलत्या एक डोळ्यावर पट्टी येणार होती, आणि तिच्यासाठी ती साधी गोष्ट नव्हती. कान नाहीतच, वर डोळाही बांधला की उरतं काय? कोण आलं, कोण गेलं, दिवस की रात्र, पट्टी कधी निघणार, निघणार की नाही, हे तिला सांगायचं तरी कसं? शेजारणीने जमतील तशा खुणा करून पाहिल्या. आक्काला त्यातलं एवढंच कळलं की हे लोक डोळा बांधणार. डोळ्यांचे मोठे डॉक्टर त्या गावी महिन्यातून एकदा यायचे. दोन महिने ती ऐन वेळेला टेबलावरून उठून, कुणाला न जुमानता, चालत घरी आली.

भाऊजींनी तिसऱ्या वेळी स्वतः जायचं ठरवलं होतं. तिकीटही काढलं होतं. तेवढ्यात ती पायरी आडवी आली.

मग ठरलं की पडद्यावरूनच तिला नीट समजवायचं, तेही भरतीच्याच दिवशी, कारण आधी विषय काढला की ती पाठ फिरवायची. आता यात मेख अशी होती की आक्काची नजर दर आठवड्याला कमी होत चालली होती. टीव्हीच्या अगदी जवळ बसून, खोलीतले दिवे लावून, तिला भाऊजींचे हात अजून जेमतेम दिसत. आणखी एक महिना गेला असता तर तेही दिसले नसते. मग तिला काही सांगायची वाटच उरली नसती. ती तशीच अंधारात राहिली असती, कायमची, आणि अंधार का आहे हेही तिला कुणी सांगू शकलं नसतं. भाऊजी हे बोलून दाखवत नसत. पण जेवताना घास हातात धरून बसून राहत.

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे आक्काने संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं त्याच दिवशी, ताईकडचा इंटरनेटचा डबा जळाला. सकाळी वीज चार वेळा आली-गेली आणि डब्यातून वास आला. कंपनीला फोन करून ताईने अशी काही गयावया केली की दुपारच्या आत माणूस नवा डबा घेऊन हजर. त्याने डबा भिंतीला लावला, वायर जोडली, माझ्या फोनवर इंटरनेट चालू करून दाखवलं आणि निघाला.

"आणि हा?" भाऊजींनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

माणसाने पडद्याकडे पाहिलं, माउस इकडे तिकडे फिरवला. "हे काय आहे?"

"लिनक्स."

"मग आम्ही याला हात लावत नाही, काका." आणि काखा वर करून तो गेला. लिफ्टने गेला.

माझा फोन होता, पण तो मी भाजी घेताना पाडला होता, तेव्हापासून त्याच्या दोन्ही कॅमेऱ्यांत सगळी दुनिया धुक्यात दिसते. तरी लावून पाहिलं. तिकडे टीव्हीवर भाऊजींच्या जागी एक राखाडी ढग हात हलवत असणार. आक्काने डोळा बारीक केला, मान वाकडी केली, मग हात झटकला. म्हणजे नाही दिसत. ताई-भाऊजींकडे साधे बटणांचे फोन. दुपारच्या वेळी इमारतीत माणूस म्हणाल तर आम्ही तिघं आणि चौथ्या मजल्यावरचं मांजर. ताई तरीही सगळी दारं ठोठावून आली. दाराआडून उत्तर दिलं ते फक्त मांजराने, असं तिने नंतर सांगितलं.

"पाचला गाडी येईल न्यायला," शेजारीण फोनवर म्हणाली. "पण या उठतील असं वाटत नाही हो. पलंगाची दांडी धरून बसल्या आहेत."

भाऊजींनी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला आणि चष्मा खाली ओढला. लिफ्ट बंद पडली की ते ज्या क्रमाने जातात त्याच क्रमाने निघाले: आधी वीज, मग जोडण्या, मग दार. वीज होती. वायर काढून पुन्हा घातली, तिच्या टोकाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. कपाटातून दुसरी वायर काढायला मला स्टुलावर चढवलं, तीही लावून पाहिली. कॉम्प्युटर कोपऱ्यात लिहीत होता की जोडणी झालेली आहे. पण काही उघडायला जावं तर पान पांढरंफटक. काळी खिडकी उघडून भाऊजींनी डब्याला हाक मारायचा हुकूम टाइप केला. उत्तर नाही. पुन्हा केला. नाही.

"वायर ठीक, दिवा ठीक, यंत्र ठीक," ते पुटपुटले. "डबाच खराब दिलाय."

"माझा फोन त्याच डब्यावर चाललाय," मी म्हटलं.

"तो आपोआप चालतो. त्याचं काय सांगावं!"

मला राग आला. ही काय वेळ आहे तत्त्वज्ञानाची? पण त्यांच्या कपाळावर घाम पाहिला आणि गप्प बसले.

भाचीचा फोन बंद होता. ती औषधांच्या कारखान्यात आहे, कामावर असताना फोन बाहेर ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत तिने माझे निरोप पाहिले आणि धावत फोन केला. मी तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा, नेटवर्कची सेटिंग उघडा. वायरवाली. त्यात आयपीव्ही-फोर असं लिहिलंय ना, तिथे काय आहे? ऑटोमॅटिक की मॅन्युअल?"

"मॅन्युअल," भाऊजी म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता. "मी स्वतः हाताने भरलंय. एक आकडा इकडचा तिकडे नाही."

भाचीने विचारलं, "कधी भरलंत?"

झालं असं होतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. तो पत्ता डबा आपणहून देत असतो. मागे एकदा रात्री वीज गेली आणि सकाळी भाऊजींना आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता बदललेला दिसला. झालं, ते हादरलेच. "मी झोपलेलो असताना माझ्या घरात माझा पत्ता बदलतो?" त्याच दिवशी त्यांनी आपोआपची सोय बंद केली आणि चारही रकाने हाताने भरून टाकले. जुना डबा होता तोवर ते बिनबोभाट चाललं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. असलं काम जगात दुसरं कुणी करणार नाही.

"बाबा," भाची हळू आवाजात म्हणाली, "नवा डबा वेगळ्या गल्लीतले पत्ते देतो. तुमचा कॉम्प्युटर अजून जुन्या गल्लीत उभा राहून दार वाजवतोय. तिथे आता कुणी राहत नाही."

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांच्या हाताने केलेलं काम त्यांना असं कधी उलटलं नव्हतं.

"मग नव्या गल्लीचे आकडे सांग. मी भरतो."

"बाबा, ऑटोमॅटिक करा ना! एक टिचकी फक्त!"

"आकडे सांग."

"माझ्याकडे कुठून असणार? आणि आत बोलावतायत मला. मावशी, तू सांग यांना. ऑटोमॅटिक करायचं, सेव्ह करायचं, आणि मग जोडणी एकदा..." आणि तेवढ्यात फोन बंद झाला.

भाऊजी डब्याकडे वळले. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर बारीक आकडे होते, ते दाखवून मला म्हणाले, "वाच." ताई इतका वेळ दारात उभी होती. ती कधी आवाज चढवत नाही, आताही चढवला नाही.

"अहो," ती म्हणाली, "आक्का बघा काय करतायत."

माझा फोन तिने उचलला होता. त्यात शेजारणीचा कॉल परत लागला होता. तिच्याकडचं चित्र मात्र स्वच्छ होतं. पलंगावर आक्का बसलेली, मांडीवर भरलेली पिशवी, आणि एका हाताने ती स्वतःचा कान ओढत होती. ओढायची, थांबायची, टीव्हीकडे बघायची. पुन्हा ओढायची. ती भावाला हाक मारत होती.

भाऊजींनी ते पाहिलं. मग माउस धरला. बाण ऑटोमॅटिकवर नेला आणि तिथे थांबले. सबंध आयुष्य एका टिचकीत मोडायचं म्हणजे तेवढं थांबणारच माणूस. त्यांनी टिचकी मारली. चारही रकाने, त्यांनी एका बोटाने भरलेले, रिकामे झाले. सेव्ह.

आम्ही तिघं पडद्याला डोळे लावून बसलो. काही झालं नाही. पान पांढरंच.

घड्याळाकडे बघायची सोय नव्हती. "ती काहीतरी म्हणत होती," मी म्हटलं. "जोडणी एकदा काय?"

"गप," भाऊजी म्हणाले, मला, पहिल्यांदाच असं. डोळे मिटून बसले क्षणभर. मग म्हणाले, "लिफ्टच्या पेटीत बदल केला की ती तशीच चालवून चालत नाही. एकदा वीज तोडावी लागते. तोवर ती जुनंच धरून बसते." आणि त्यांनी त्या वायरच्या जोडणीपुढचं बटण बंद केलं. मनात काहीतरी मोजलं. चालू केलं.

कोपऱ्यातली खूण गरगरली आणि थांबली. पांढऱ्या पानावर अक्षरं उमटली, मग चित्रं उमटली. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते.

आता कुणीही शहाणा माणूस ताबडतोब कॉल लावेल. भाऊजींनी काळी खिडकी उघडली आणि पुन्हा हाक मारायचा हुकूम टाइप करायला घेतला. एका बोटाने.

"अहो, आता काय?"

"दुरुस्तीनंतर लिफ्ट आधी रिकामी वर-खाली करायची असते. मग माणसं बसवायची."

"आक्का बसल्यात आधीच!" ताई ओरडली. ताईला ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी दोन ठेवून दिल्या असत्या त्यांच्या कानाखाली, पण नातं आडवं आलं. तोवर उत्तरं येऊ लागली होती, एकाखाली एक, न चुकता. भाऊजींनी समाधानाने मान हलवली आणि कॉल लावला.

टीव्हीवर ते दिसले आणि आक्का पलंगावरून उठलीच. खुर्ची ओढून नाक पडद्याला लागेल इतकी जवळ बसली. भाऊजींनी मागे सरकून दोन्ही हात मोकळे केले.

मला समजलं तेवढं सांगते. पट्टी येणार, हे त्यांनी लपवलं नाही. आधी तेच सांगितलं. डोळा झाकला, अंधार केला, स्वतः भ्यायल्याचं दाखवलं. मग सांगितलं की अंधारातही बोलता येतं, हातावर. शेजारणीने अंगठा दाबला की ती जवळ आहे. तळहातावर गोल काढला की जेवण. मनगटावर चापटी म्हणजे रात्र संपली. आणि कपाळाला बोट लावलं की आता पट्टी काढणार. एक रात्र, एक दिवस, आणखी एक रात्र, मग कपाळ. शेजारणीला त्यांनी तोंडाने समजावलं, ती आक्काच्या बाजूला येऊन बसली.

आक्का ऐकत होती, म्हणजे बघत होती. मग तिने केलं काय, खांद्यावरचा पंचा काढला, घडी केली आणि स्वतःच्या हाताने डोळ्यांवर घट्ट बांधला. शेजारणीपुढे हात पसरला. करून बघ.

शेजारणीने अंगठा दाबला. आक्काने शेजारणीची खूण केली. तळहातावर गोल. आक्काने तोंडाशी बोटं नेली. मनगटावर चापटी. गालावर मूठ उघडली, सकाळ. शेजारणीने थोडं थांबून तिच्या कपाळाला बोट लावलं. आक्काने पंचा ओढून काढला आणि घाईघाईने टीव्हीकडे पाहिलं, भाऊ आहे का अजून. होता. इकडे भाऊजी दोन्ही हात वर धरून बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायलासुद्धा त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

आक्काने शेवटचं एक विचारलं. कपाळाला बोट, मग कान ओढला, मग प्रश्नार्थक हात. पट्टी निघेल तेव्हा तू असशील?

भाऊजींनी छातीवर मूठ मारली. असेन.

आक्काने पिशवी उचलली आणि गाडीची वाट न बघता दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

माझा जीव तिथेच भांड्यात पडला. भाऊजींचा मात्र अर्धाच पडला, कारण आता जोडणी टिकवायची जबाबदारी आली. त्या रात्री त्यांनी आयुष्यात प्रथमच बटणं बंद केली नाहीत. कॉम्प्युटरसमोर आरामखुर्ची ओढली आणि तिथेच मुक्काम ठोकला. जेवण तिथे, झोप तिथे. वीज गेली तर, पत्ता बदलला तर, असं घोकत बसायचे. पत्ता बदललाही एकदा, वीज जाऊन आल्यावर. त्यांनी तो पाहिला, काही वेळ त्याच्याकडे टक लावून बसले, आणि तरी सगळं चालू आहे हे बघून ताईला म्हणाले, "हे बरंय की." ताईने माझ्याकडे बघितलं नाही, नाहीतर आम्ही दोघी हसून फुटलो असतो.

दवाखान्यातून शेजारीण माझ्या फोनवर कळवत होती. ऑपरेशन ठीक झालं. आक्का शांत आहे. तळहातावर गोल काढला की तोंड उघडते. झोपेतून दचकून उठली की अंगठा पुढे करते.

पट्टी काढायच्या सकाळी शेजारणीने लॅपटॉप पलंगाच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर आले. शेजारणीने आक्काच्या कपाळाला बोट लावलं. आक्का ताठ बसली. पट्टी सुटत गेली, खाली कापूस निघाला, डॉक्टरांनी पापणी पुसली. आक्काने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डॉक्टरांकडे पाहिलं. शेजारणीकडे पाहिलं, तिचा चेहरा हातात धरून नीट पाहिला. मग लॅपटॉपकडे वळली.

भाऊजींना काही खूण करायचं सुचत नव्हतं. आक्काने हनुवटीवर हात चोळला, जोरात, आणि बोट नाचवलं. एवढं तर मलाही समजलं. दाढी कर.

त्या आरामखुर्चीच्या मुक्कामात दाढी राहूनच गेली होती. भाऊजींनी आपल्या गालावरून हात फिरवला आणि हसायला लागले, हसता हसता हुंदकेच द्यायला लागले. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग त्यांनी कुबड्या ओढल्या.

"अहो, कुठे निघालात?"

"दाढी करायला. सांगितलंय तिने."

"कॉल बंद करू का?" मी विचारलं.

"कशाला? चालू राहील," ते म्हणाले. आणि न्हाणीघराच्या दारातून मान वळवून, माझ्याकडे न बघता, "आपोआप."

आक्का तिकडे बसून राहिली, रिकाम्या आरामखुर्चीकडे बघत. आमच्याकडेही बघत होती, ताईच्या बांगडीकडे, माझ्या पांढऱ्या केसांकडे, टेबलावरच्या कपाकडे, भुकेल्यासारखी. भाऊजी गाल पुसत आले, खुर्चीत बसले आणि चेहरा पुढे करून तिला दाखवला, एक बाजू, मग दुसरी.

आक्काने नीट पाहिलं. मग आपल्या कानाखाली बोट टेकवलं आणि मान हलवली. मी उठून भाऊजींच्या जवळ गेले, चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. कानाखाली दोन-चार खुंट खरंच राहिले होते.